पसंतीचा इतिहास : शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने

नटाविषयी किंवा गायकाविषयी आपसात बोलणे हा कलासमीक्षेचा बहुधा सर्वांत जुना प्रकार असावा. पण समीक्षेच्या इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही. खेळ सुटल्यावर घराकडे चालताना, एस.टी.ची वाट पाहताना, भात लावताना किंवा लोकलच्या डब्यात माणसे कोणाचा आवाज गोड, कोणाची अदा खरी, कोण आता उताराला लागला याचा निवाडा करत असतात. या निवाड्यांना निकष असतात, त्यांत मतभेद असतात, पूर्वसूरींशी तुलना असते, क्वचित कडाक्याचे भांडणही असते. म्हणजे समीक्षेला लागणारे सारे साहित्य त्यात हजर असते. नसते ती फक्त लेखणी.

मराठीत या बोलणाऱ्या माणसाला एकच नाव नाही, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. नाट्यसंगीतावर जीव टाकणारा तो ‘रसिक’. तमाशाच्या फडासमोर पुढच्या रांगेत बसणारा तो ‘शौकीन’. सिनेमाच्या नटासाठी वेडा झालेला तो ‘फॅन’. वस्तुतः तिघांची कृती एकच आहे : एका कलावंताची निवड करायची आणि ती चारचौघांत लढवायची. तरीही रसिक हा संस्कृत काव्यशास्त्रातल्या सहृदयाचा वारस ठरतो, शौकीन या शब्दाला पैशाचा आणि रात्रीचा वास येतो, आणि ‘फॅन’ तर अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मैदानावरून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला, ‘माथेफिरू भक्त’ या अर्थाच्या शब्दाचा संक्षेप. कोणाच्या पसंतीला अभिरुची म्हणायचे आणि कोणाच्या पसंतीला नाद, याचा निकाल भाषेने आधीच लावून ठेवलेला आहे. प्रस्तुत लेखात हा निकाल शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात तपासून पाहायचा आहे.

हे दोन तालुके निवडण्याचे कारण त्यांच्या भूगोलात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके ठाण्यातच राहिले. शहापूर तालुक्यातून मुंबई-आग्रा रस्ता जातो, आणि आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके मुंबईच्या लोहमार्गावर आहेत. मुरबाडला मात्र आजही रेल्वेगाडी आलेली नाही. त्याचा आधार कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. शहापूरचे एक तोंड मुंबईकडे आणि दुसरे नाशिककडे. मुरबाडचे एक कल्याणकडे आणि दुसरे घाटावर. मराठी करमणुकीची दोन मोठी उगमस्थाने, म्हणजे मुंबईचा रंगमंच-चित्रपट आणि घाटावरचा तमाशा, यांच्या बरोबर मधोमध हा प्रदेश आहे. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, बौद्ध अशा अनेक समाजांची येथे वस्ती आहे. पसंतीचे प्रवाह कोठे मिसळतात आणि कोठे अडतात हे पाहायला याहून सोयीची जागा क्वचित सापडेल.

प्रथम नोंदलेल्या इतिहासाकडे पाहू. मराठीत चाहत्यांच्या दोन पक्षांचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी या दोघांच्या नाटकमंडळ्यांनी मिळून खाडिलकरांचे ‘मानापमान’ सादर केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या रात्रीची वर्णने, कोण कोठे सरस ठरला यावरचे वाद, वन्समोअरच्या कथा आपण आजही वाचतो. पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले, आणि तो वाद कायमचा अनिर्णित राहिला. बालगंधर्वांच्या लुगड्याची, दागिन्यांची, केशरचनेची नक्कल प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत, हेही नोंदलेले आहे. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात व रंगमंचावर आल्या, तेव्हा याच चाहत्यांपैकी अनेकांनी त्यांच्यावर जो रोष धरला तोही नोंदलेला आहे.

हे सारे आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या प्रेक्षागृहातली माणसे लिहिणारी होती. वकील, शिक्षक, संपादक यांनी नाटक पाहिले, त्यावर वाद घातला आणि म्हातारपणी आठवणी लिहिल्या. त्यांच्या गप्पांचे वाङ्मय झाले. म्हणूनच, गोहरबाईंविषयीचा त्यांचा राग कोणत्याही तमासगीर शौकिनाच्या रागापेक्षा अधिक सुसंस्कृत नव्हता, तरी त्यांना आपण रसिकच म्हणतो.

आता मुरबाडकडे वळू. कल्याण-माळशेज रस्त्याने घाट चढून ओतूर-आळेफाट्यावरून पुढे गेले की नारायणगाव येते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि पुणे, नगर, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतील गावांचे पंच चैत्र-वैशाखातील यात्रांसाठी फड ठरवायला, म्हणजे सुपारी द्यायला येतात. हा व्यवहार केवळ पैशाचा नाही. हाती असते गावाची वर्गणी. ती घरटी गोळा केलेली असते, म्हणून तिचा हिशेब गावाला द्यावा लागतो. मागच्या वर्षी कोणाचा वग पडला, कोणाची गौळण रंगली, कोणत्या फडाचा सोंगाड्या आता थकला, ढोलकीवाला कोण आहे, कोणता फड पहाटेपर्यंत माणूस जागा ठेवतो, या प्रश्नांची चर्चा गावात आधी झालेली असते. काळू-बाळू, विठाबाई, कांताबाई सातारकर, पुढे मंगला बनसोडे, रघुवीर खेडकर ही नावे अशा चर्चांतून पिढ्यान्‌पिढ्या तोलली गेली. आपल्या पदरचे पैसे घालून घेतलेला आणि चुकला तर वर्षभर ऐकून घ्यावे लागणारा निर्णय, ही समीक्षकाला शिस्त लावणारी गोष्ट आहे. वर्तमानपत्रातील परीक्षणकर्त्यावर एवढी जबाबदारी सहसा नसते!

मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. गुरांचा बाजार हे तिचे प्रसिद्ध अंग. अशा यात्रांतून तमाशाचे फड आणि तंबूतले सिनेमे यांनी मिळून ग्रामीण महाराष्ट्राला नट-नट्यांची ओळख करून दिली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) किंवा दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) यांसारख्या चित्रपटांना जो अफाट प्रेक्षक लाभला, तो आधी फडासमोर घडलेला प्रेक्षक होता. सोंगाड्याची वेळ साधण्याची कला म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. शहरी परीक्षणांनी कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांवर बोट ठेवले. तंबूतल्या प्रेक्षकाला त्यांत वगनाट्याची ओळखीची चाल ऐकू आली. यातले कोणते वाचन अधिक जाणते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी जरूर विचारावा.

तमाशातील एक प्रथा या संदर्भात महत्त्वाची आहे : दौलतजादा. प्रेक्षक नाचणारीला पैसे देतो आणि त्याचे नाव, त्याच्या गावासकट, रंगमंचावरून पुकारले जाते. या प्रथेतील मग्रुरी, स्त्रीकडे पाहण्याची तिच्यातली दृष्टी उघड आहे, आणि तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात आणखीही एक गोष्ट आहे. एरवी ज्याचे नाव कोठेही उच्चारले जात नाही, अशा माणसाचे नाव आणि गाव क्षणभर हजारोंना ऐकू येते. आवडत्या कलावंताच्या तोंडून आपले नाव ऐकण्याची ही भूक पुढे एका अगदी वेगळ्या माध्यमात पुन्हा दिसते.

ते माध्यम म्हणजे रेडिओ. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ तेथून सुरू झाली. गावोगावच्या श्रोता संघांचा कौल आणि तबकड्यांचा खप यांवरून गाण्यांच्या ‘पायदाना’ ठरू लागल्या. आजच्या झारखंडमधील झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव फर्माइशी पाठवण्यामुळेच देशभर माहीत झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून शासनाला अखेर श्रोत्यांपुढे नमते घ्यावे लागले. इकडे मुंबई केंद्रावरच्या ‘आपली आवड’मध्ये मराठी गाण्यांच्या फर्माइशी येत, आणि गाण्याआधी ती मागणाऱ्यांची नावे वाचली जात. दौलतजादेतला पैसा येथे पंधरा-वीस ओळींच्या पोस्टकार्डात बदलला. नाव-गाव पुकारण्याची रीत मात्र तीच राहिली.

या बदलात एक लाभ होता आणि एक तोटा. लाभ असा की फडासमोर जिला बसता येत नव्हते, त्या स्त्रीचे नावही आता पुकारले जाऊ शकत होते. विजेवर न चालणारा ट्रान्झिस्टर आल्यावर तर वीज न पोचलेल्या पाड्यातही लता, आशा, रफी यांच्याविषयी मत असणे शक्य झाले. तोटा असा की पत्राला अक्षरओळख लागते. फडाची निवड करताना निरक्षर म्हाताऱ्याचे मत वजनदार असे, कारण त्याने सर्वांत जास्त फड पाहिलेले असत; फर्माइशीच्या पत्रात त्याला स्थान उरले नाही. मोजली जाणारी पसंती ही लिहिणाऱ्यांची पसंती झाली.

शहापूर तालुक्याच्या बाबतीत यात एक कडवट योगायोग आहे. १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून भातसा धरणापर्यंत मुंबईची तहान भागवणारे मोठे जलाशय या तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी येथून मुंबईला जाते; गाणी आणि नट मुंबईहून येथे येतात. पसंतीची मोजणीही मुंबईतच होते. जे देवाणघेवाणीसारखे दिसते त्यात दोन्ही बाजूंचा भाव सारखा नाही.

आणखी एक विषमता याहून जवळची आहे, आणि तिच्याविषयी चाहत्यांचा गौरव करणाऱ्यांनी गप्प बसणे योग्य नाही. तमाशातील कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतून आले. त्यांच्या कलेवर जीव टाकणाऱ्या गावांनी त्यांना पंक्तीला घेतले असे नाही. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या जोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी गर्दी खेचली. पण त्या जोडीकडे पाहणाऱ्या नजरेत कलेइतकेच ब्राह्मण शाहीर आणि महार स्त्री यांच्या सहवासाचे कुतूहलही होते. विठाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तरी २००२ साली त्यांचे निधन झाले ते आर्थिक विवंचनेतच. चाहणे आणि मानणे या दोन क्रिया आपल्याकडे बराच काळ वेगळ्या राहिल्या. बालगंधर्वांचे शेवटचे दिवसही हलाखीचे होते हे खरे. पण त्यांच्या हलाखीवर ग्रंथ झाले, नाटके-चित्रपट झाले. पवळेच्या वाट्याला तेवढी आठवण आलेली नाही.

याच परिसरातील ठाकूर समाजाच्या कांबड नाचाकडे पाहिले म्हणजे एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. तेथे नाचणारे आणि पाहणारे असे कायमचे दोन गट नसतात. आज जो पाहतो तो उद्या फेरात उतरतो. अशा कलेत चांगल्या नाचणाऱ्याचे कौतुक असते, पण चाहता नावाची स्वतंत्र जात तयार होत नाही. तिकीट, सुपारी किंवा तबकडी मध्ये आली की मगच ती होते. तेव्हा चाहत्याचा इतिहास हा मुळात कलेच्या बाजाराचा इतिहास आहे, आणि बाजारात उतरूनही माणूस केवळ गिऱ्हाईक राहायला कसा नकार देतो याचाही. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्या, तेव्हा प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद शिंदे यांचे आवाज हळदी-लग्नांत, जयंतीच्या मिरवणुकांत घुमू लागले. ही पसंती कोणत्याही मुंबईच्या संपादकाने घडवलेली नव्हती.

साहित्याच्या अभ्यासकांनी याचे काय करावे? ना. गो. चापेकरांनी १९३३ साली शेजारच्या बदलापूरचा समग्र वृत्तान्त ग्रंथरूपाने दिला. एका गावाचे जगणे हा ग्रंथाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी दाखवले. पसंतीच्या इतिहासासाठी लागणारी साधने तशीच साधी आहेत : यात्रा समित्यांच्या वर्गणीच्या वह्या, फडांशी झालेले करार, जपून ठेवलेल्या कॅसेटी, नाशिकहून निघणाऱ्या ‘रसरंग’सारख्या साप्ताहिकांचे बांधलेले अंक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसांची स्मृती. गीतमालेचे पहिले वर्ष ज्याने पंधराव्या वर्षी ऐकले, तो आज नव्वदीच्या जवळ आहे. विठाबाईंना ऐन बहरात पाहिलेली पिढीही झपाट्याने मागे पडते आहे. कल्याण, मुरबाड, शहापूर येथील महाविद्यालयांत मराठी शिकणारे विद्यार्थी या माणसांचेच नातू-पणतू आहेत. त्यांनी आजोबांना एवढेच विचारावे : गावाने त्या वर्षी कोणता फड आणला, कोणाचे मत डावलले गेले, आणि तुम्हाला स्वतःला कोण आवडत असे? उत्तर लिहून घेताना ‘का’ हा प्रश्न मात्र विसरू नये, कारण त्या ‘का’च्या उत्तरातच समीक्षा आहे.