तिसरे चाक आणि एक दोरी

१९८९ साली आमच्या घरी साइडकार जोडलेली चेतक स्कूटर होती. ज्योतीनगरहून औरंगपुऱ्याला शाळेत जाताना आमची धाकटी मुलगी साइडकारमध्ये बसत असे. एकदा क्लॅम्पपाशी स्कूटरच्या तळाचा पत्रा तडकला. शहरातल्या एका गॅरेजने सांगितले, "शनिवारी या." असे तीन शनिवार गेले. चौथ्या शनिवारी गाडी मिळाली. तडीवर वेल्डिंग होते, वर ताजा रंग होता. "साइडकारचं चाक वाकडं होतं, तेही सरळ करून दिलंय," मालक म्हणाले. आम्ही खूश होऊन पैसे दिले, पावती मात्र मागितली नाही. क्रांती चौकापर्यंत येईतो गाडी सारखी डावीकडे ओढू लागली. हँडल उजवीकडे दाबून धरता धरता हात भरून आले.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मोटारसायकलला बाजूने जोडायच्या गाडीचे पेटंट इंग्लंडमध्ये १९०३ साली नोंदवले गेले. मोटार परवडत नसलेल्या कुटुंबाचे ते वाहन झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यांनीही साइडकार वापरल्या. आपल्याकडे १९७५ च्या 'शोले'मुळे ती घराघरांत पोचली. पण मराठी मध्यमवर्गाने साइडकार जोडली ती बहुधा स्कूटरला. बजाजने इटलीच्या पियाजिओ कंपनीकडून परवाना घेऊन स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ, वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला. आजचे छत्रपती संभाजीनगर औद्योगिक शहर म्हणून ओळखले जाऊ लागले, त्यात या कारखान्याचा वाटा मोठा आहे.

या स्कूटरचे मूळ म्हणजे व्हेस्पा. तिचा आराखडा कोर्रादिनो द'आस्कानियो या विमान-अभियंत्याने केला आणि ती १९४६ मध्ये बाजारात आली. तिला मोटारसायकलसारखी नळ्यांची चौकट नाही. दाबून घडवलेला पत्राच सारा भार पेलतो. विमानाच्या सांगाड्यासारखीच ही कल्पना हलकी आणि हुशारीची. पण साइडकारचा क्लॅम्प अशा पत्र्याला जोडला की सारा ताण थोड्याशा जागेवर येतो. तिथे आतून जाड पट्टी देऊन ताण पसरवला नाही, तर नुसते वेल्डिंग पुन्हा तडकते. आमचेही दोन महिन्यांत तडकले.

आता ओढीकडे वळू. आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला असते. इंजिनाचा जोर स्कूटरच्या मागच्या चाकावर, तर साइडकारचे वजन आणि घर्षण त्याच्या डावीकडे. त्यामुळे वेग घेताना गाडी डावीकडे वळू पाहते. ब्रेक दाबला की उलटे घडते. साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल तर ती जडत्वाने पुढे जाऊ पाहते आणि गाडी उजवीकडे वळते. डाव्या वळणावर रिकाम्या साइडकारचे चाक जमिनीवरून उचललेही जाते. म्हणून तिच्यात वजन ठेवण्याची पद्धत होती.

डावीकडची ओढ कमी करण्यासाठी जाणते मिस्त्री दोन गोष्टी करत. साइडकारचे चाक पुढच्या बाजूने किंचित आत, म्हणजे स्कूटरकडे, वळवत. आणि स्कूटर उभी करताना साइडकारपासून किंचित बाहेर झुकलेली ठेवत. म्हणजे आमचे चाक 'वाकडे' नव्हतेच. कुणीतरी ते समजून-उमजून तसे बसवले होते आणि गॅरेजने ते ज्ञान 'दुरुस्त' करून टाकले होते!

हे आम्हांला सांगितले एका वृद्ध फिटरने. त्यांनी स्कूटरच्या दोन्ही चाकांना लागून एक दोरी ताणली, साइडकारच्या चाकालगत सरळ फळी धरली आणि दोन्हींमधले अंतर पुढे व मागे मोजले. पुढचे अंतर सुमारे दीड सेंटिमीटर कमी होईपर्यंत त्यांनी बोल्ट सैल-घट्ट केले. मग ओळंबा लावून झुकाव पाहिला. तडीमागे आतून पट्टी बसवली. एका दुपारचे काम.

गॅरेजविरुद्ध तक्रार करता आली असती. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पैसे घेऊन केलेल्या दुरुस्तीलाही 'सेवा' मानले होते. त्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. पण आमच्यापाशी ना पावती होती, ना काय काम करायचे याची लेखी नोंद. तीन आठवडे आम्ही गॅरेजवर चिडलो होतो. नंतर मात्र वाटले, आम्ही विज्ञान शिकवणारी माणसे. चाक सरळ केले म्हटल्यावर 'का?' एवढे तरी विचारायला हवे होते. त्या साइडकारमध्ये आमचीच मुलगी बसत होती.

२००९ मध्ये बजाजने स्कूटर बनवणे थांबवायचे ठरवले. २०२० मध्ये 'चेतक' हे नाव परत आले, पण विजेवरच्या स्कूटरवर. जुन्या गाड्या जाणणारे मिस्त्री आता थकले आहेत आणि त्यांच्या हातातली मापे फारशी कुठे लिहिलेली नाहीत. विद्यार्थ्यांना अशा एखाद्या मिस्त्रींकडे वही घेऊन पाठवा. ते काय करतात हे त्यांनी लिहून आणावे, आणि का करतात हे वर्गात आपण मिळून शोधावे.