जीपला जिप्सीची चाकं

जुनी जीप गॅरेजात आली की मी आधी चाकं बघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिजला 16 इंची चाकं, बोल्ट पाच, तेही साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. महिंद्राने पुढे मुंबईत जीप जोडायला घेतली तेव्हाही हेच माप राहिलं. 1985 मध्ये जिप्सी आली. ती मूळची सुझुकीची, पण तिचंही वर्तुळ नेमकं तेवढंच! मग जिप्सीची 15 इंची चाकं जीपवर सरळ बसू लागली.

डावी बाजू मात्र जपावी लागते. युद्धकाळातल्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, चालताना सैल पडू नयेत म्हणून. नवखा पोरगा नेहमीच्या दिशेने पान्यावर जोर देतो, नट आणखी आवळत जातो आणि शेवटी स्टड तुटतो. म्हणून मी नवीन पोराला आधी स्टडवरचं ‘एल’ अक्षर शोधायला लावतो.

जिप्सीचा 205 चा टायर घातला की गाडी इंचभर खाली बसते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. रोज फिरवायच्या गाडीला हे चालतं, नवे टायरही सहज मिळतात. पण काढलेली मूळ चाकं भंगारात देऊ नका, असं मी प्रत्येक मालकाला बजावतो. तशी चाकं आता शोधूनही मिळत नाहीत.