केंद्रक व आंतर्द्रव्यजालिका यांची संलग्नता
दृश्यकेंद्रकी पेशीत केंद्रकाभोवतीचे आवरण दुपदरी असते. त्याचे बाह्यपटल आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाशी अखंड असून त्यावरही रायबोसोम आढळतात. दोन्ही पटलांमधली पोकळी थेट जालिकेच्या पोकळीत उघडते; म्हणून केंद्रकावरणाला जालिकेचाच विशेष घडणीचा भाग मानणे योग्य. हे सातत्य एम. एल. वॉटसन यांनी १९५५ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या साहाय्याने मांडले. आतले पटल मात्र वेगळे. प्राणिपेशींत त्याला लॅमिन प्रथिनांची जाळी आधार देते. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या वीणा परनाईक यांनी हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ संस्थेत लॅमिनवर महत्त्वाचे संशोधन केले. प्राणिपेशीच्या विभाजनात केंद्रकावरण जालिकेत मिसळून जाते आणि शेवटी गुणसूत्रांभोवती तिच्याच पटलांतून नव्याने तयार होते.