पुरलेली मूर्ति आणि मेक्सिकोचें राष्ट्रत्व

मेक्सिको शहराच्या मुख्य चौकांत फरसबंदीचें काम चाललें असतां, ता. १३ ऑगस्ट १७९० रोजीं, मजुरांच्या कुदळींना एक प्रचंड पाषाणमूर्ति लागली. उंची आठ फुटांहून अधिक, कमरेस सर्पांचें वस्त्र, गळ्यांत माणसांचे तळहात व हृदयें ओंवलेली माळ, आणि मस्तकाच्या जागीं परस्परांसमोर ठाकलेलीं दोन नागमुखें, असें तिचें ध्यान होतें. ही आझ्टेक लोकांची देवमाता कोआत्लिक्वे. जेथें ती सांपडली तेथेंच एके काळीं आझ्टेकांची राजधानी टेनॉच्टिट्लान उभी होती. योगायोग असा कीं, कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्यानें त्या नगरीचा पाडाव केला व तिचा शेवटचा राजा क्वाउतेमोक यास पकडलें, तो दिवसहि १३ ऑगस्टच होता, साल १५२१.

आपल्याकडे अशी मूर्ति निघती तर सायंकाळच्या आंत तिला शेंदूर लागला असता. मेक्सिकोंतहि तसेंच कांहींसें झालें, आणि तेंच राज्यकर्त्यांस जड गेलें. व्हाइसरॉय रेव्हिलाहिहेदो हा नव्या विचारांचा गृहस्थ. मूर्ति फोडून न टाकतां त्यानें ती विद्यापीठांत ठेवविली. परंतु अडीचशें वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती धर्मांत वाढलेले तद्देशीय लोक फुलें व मेणबत्त्या घेऊन तेथें येऊं लागले. ही गोष्ट लक्षांत येतांच मूर्ति विद्यापीठाच्याच आवारांत पुन्हां पुरण्यांत आली. पुढें १८०३ सालीं प्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट मेक्सिकोस आला. त्याला मूर्ति पाहावयाची होती. एका बिशपनें रदबदली केली, तेव्हां ती उकरण्यांत आली, आणि त्याचें पाहून झाल्यावर पुन्हां तिच्यावर माती लोटली गेली. देश स्वतंत्र झाल्यावर, १८२३ मध्यें, बुलक नांवाच्या इंग्रज गृहस्थास लंडनच्या प्रदर्शनाकरितां तिचा साचा घ्यावयाचा होता, म्हणून तिनें आणखी एकवार उजेड पाहिला. परदेशी पाहुण्यांसाठीं देवी वर येई. तिच्या भक्तांसाठीं मात्र ती जमिनीखालीं असे.

१७९० च्याच डिसेंबरांत त्याच चौकांत दुसरा एक पाषाण निघाला. सुमारें बारा फूट व्यासाची ही सूर्यशिला. आज मेक्सिकोच्या नाण्यांवरहि तिच्या आकृतीचे अंश दिसतात. तिच्या वांट्याला मातींत जाणें आलें नाहीं. ती कॅथीड्रलच्या भिंतीशीं राजरोस बसविण्यांत आली व १८८५ पर्यंत तेथेंच राहिली. या भेदाचें कारण शोधावयास फार खोल जावें लागत नाहीं. शिलेवर कालगणनेचीं चिन्हें कोरलेलीं होतीं. लेओन इ गामा या विद्वानानें १७९२ मध्यें तिजवर व मूर्तीवर ग्रंथ लिहून, या भूमींतील जुने लोक रानटी नव्हते, त्यांस ज्योतिर्विद्या अवगत होती, असें जगास दाखवून दिलें. ज्योतिर्विद्येचा अभिमान बाळगतां येतो. मेणबत्ती घेऊन येणाऱ्या माणसाचें काय करावयाचें, हें मात्र कोणास कळेना. मेक्सिकन मनुष्याचा राष्ट्रस्वभाव कोणता, यावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. त्या सर्व चर्चेंतील खरी अडचण मला या दोन पाषाणांच्या कथेंत दिसते.

अभिमान बाळगणारे हे लोक कोण, तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत जन्मलेल्या स्पॅनिश वंशजांस क्रेओल म्हणत. त्यांच्याजवळ जमीन होती, विद्या होती. परंतु मोठ्या जागा स्पेनहून आलेल्यांनाच मिळत. एकीकडे तद्देशीय, दुसरीकडे आफ्रिकेंतून आणलेले गुलाम, आणि या सर्वांच्या मिश्रणांतून वाढत चाललेली प्रजा. अठराव्या शतकांत या मिश्रणाचीं सोळा-सोळा चित्रांच्या मालिकेंत वर्गवारी करण्याची टूम निघाली होती. प्रत्येक चित्रांत आई, बाप व मूल, आणि खालीं त्या मुलाच्या जातीचें नांव. वर्गवारी करणाराची दमछाक त्या नांवांतच दिसते: एक मूल ‘हवेंत लटकणारें’, एक ‘मागें फिरलेलें’, आणि एकाचें तर नांवच ‘तूं मला कळत नाहींस’. जातींच्या कोष्टकांचा आम्हांस पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचय आहे. पण अशी प्रांजळ कबुली आमच्या स्मृतिकारांनींहि दिली नाहीं.

या क्रेओल अभिमानाचा कळस १७९४ मध्यें झाला. मेक्सिकोची राष्ट्रदेवता म्हणजे ग्वादालूपेची कुमारी मेरी. १५३१ सालीं तेपेयाक टेकडीवर तिनें हुआन दिएगो नामक तद्देशीयास दर्शन दिलें व त्याच्या अंगावरील वस्त्रावर तिची प्रतिमा उमटली, अशी श्रद्धा आहे. त्या टेकडीवर पूर्वीं तोनान्त्सिन, म्हणजे ‘आमची आई’, या देवीची पूजा होत असे. मेरीच्या उत्सवदिनीं, १२ डिसेंबर रोजीं, सेर्वान्दो तेरेसा दे मिएर या तरुण धर्मोपदेशकानें व्हाइसरॉय व आर्चबिशप यांच्या समक्ष एक विलक्षण प्रवचन दिलें. तें वस्त्र हुआन दिएगोचें नव्हेच, तें ख्रिस्ताचा शिष्य सेंट थॉमस याचें. तो पहिल्या शतकांतच मेक्सिकोंत आला होता, आणि तद्देशीय ज्याला केत्सालकोआत्ल म्हणून भजतात तो देव दुसरा कोणी नसून तोच. आपल्या मलबारांत ज्याच्या आगमनाची परंपरा आहे, तो हा थॉमस. मिएरनें ही कल्पना बोरुन्दा नांवाच्या वकिलापासून घेतली होती. आणि बोरुन्दानें ती काढली होती चार वर्षांपूर्वीं निघालेल्या त्या पाषाणांवरील चिन्हांचा अर्थ लावून!

इतिहास म्हणून हें सारें हास्यास्पद आहे. परंतु त्यांतील राजकारण अचूक होतें. स्पेनचा मेक्सिकोवरील हक्क धर्मप्रसाराच्या पुण्यावर उभा होता. ख्रिस्ती धर्म पंधराशें वर्षें आधींच येऊन पोंचला असेल तर त्या हक्कांत उरतें काय? आर्चबिशपला तें तत्काळ उमगलें. मिएरला दहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा होऊन तो स्पेनला रवाना झाला. पुढें १८१० मध्यें इदाल्गो या पाद्रीनें बंडाचें निशाण म्हणून ग्वादालूपेचीच प्रतिमा उभारली, आणि १८२१ मध्यें देश स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानें पाषाणांचा मान वाढला. माणसांचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. बेनितो हुआरेस हा सापोतेक जमातींत जन्मलेला. मुलगा असतांना त्याला स्पॅनिश येत नव्हतें. तो १८५८ पासून १८७२ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होता. उदारमतवादी पक्षाचा तो अध्वर्यु. त्याच पक्षाच्या १८५६ च्या कायद्यानें चर्चबरोबर गांवांच्या सामाईक जमिनीहि मोकळ्या केल्या. हेतु असा कीं, तद्देशीय मनुष्य जमातीचा घटक न राहतां स्वतंत्र नागरिक व्हावा. नागरिकत्व कागदावर राहिलें आणि जमिनी मोठमोठ्या जमीनदारांनीं गिळल्या. पोर्फिरिओ दिआसच्या अमदानींत, १८८७ मध्यें, राजधानीच्या भव्य हमरस्त्यावर क्वाउतेमोकचा पुतळा थाटानें उभा राहिला. त्याच अमदानीच्या अखेरीस उत्तरेकडील याकी लोकांना, त्यांनीं आपल्या जमिनी सोडण्याचें नाकारलें म्हणून, हजारोंच्या संख्येनें पकडून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर राबण्यास धाडण्यांत आलें. धातूच्या वीरास अभिवादन करणाऱ्या सरकारनेंच हे हुकूम सोडले होते.

१९१० ची क्रांति या जमिनींच्या प्रश्नांतूनच भडकली. तिच्यानंतरचा काळ मेक्सिकोच्या आत्मशोधाचा सुवर्णकाळ समजला जातो, आणि तो समज अगदींच निराधार नाहीं. मान्वेल गामिओनें १९१६ मध्यें राष्ट्र घडविण्याची हांक दिली. तेओतिवाकानच्या पिरॅमिडांचा अभ्यास करतांना त्यानें भोंवतालच्या जिवंत खेडुतांचाहि अभ्यास केला, हें त्याचें श्रेय मोठें. होसे वास्कोन्सेलोस १९२१ ते १९२४ शिक्षणमंत्री होता. १९२५ सालच्या ‘ला रासा कोस्मिका’ या पुस्तकांत त्यानें असें भाकीत केलें कीं, सर्व वंशांच्या मिश्रणांतून होणारी विश्वमानवजाति अमेरिकेंत उदयास येईल. ज्या मिश्रणाला चित्रकार नांव देऊं शकत नव्हते, तेंच आतां राष्ट्राचें भूषण झालें. हिंदी तत्त्वज्ञानावरहि त्यानें एक पुस्तक लिहिलें आहे. त्यानें उभारलेल्या शिक्षणखात्याच्या इमारतींत एका चौकाच्या चार कोपऱ्यांत चार शिल्पें आहेत: प्लेटो, केत्सालकोआत्ल, तद्देशीयांचा कैवारी पाद्री लास कासास, आणि आपला गौतम बुद्ध.

याच इमारतीच्या भिंतींवर दिएगो रिवेरानें १९२३ ते १९२८ या काळांत हजारों चौरस फूट चित्रें रंगविलीं. त्यांपैकीं भाकरी वांटून देण्याच्या प्रसंगाच्या चित्रांत मध्यभागीं बसलेल्या पुरुषाचा चेहरा वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा आहे, असें सांगतात. खानखोजे चापिंगोच्या कृषिविद्यालयांत अध्यापक होते. मक्याच्या सुधारलेल्या वाणांवर त्यांनीं काम केलें व शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा चालविल्या. मेक्सिकोचा आत्मा कोठें आहे असे वाद राजधानींत रंगत असतां हा मराठी माणूस तेथील खेडुताबरोबर त्याच्या मक्याच्या शेतांत उभा होता.

मात्र या विश्वमानवजातींतहि तद्देशीयाला प्रवेश होता तो एका अटीवर: त्यानें आपलेपण शाळेच्या दाराबाहेर ठेवावें. ग्रामीण शाळांतून बराच काळ स्पॅनिशखेरीज दुसऱ्या भाषेला थारा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं देशांतील बहुसंख्य लोक तद्देशीय होते. २०२० च्या जनगणनेंत तद्देशीय भाषा बोलणारे सुमारें ७३ लाख ६० हजार, म्हणजे शेंकडा सहाच्या आसपास भरले. त्याच जनगणनेंत स्वतःला तद्देशीय म्हणविणारे मात्र २ कोटि ३० लाखांहून अधिक आहेत. वंश आठवतो, भाषा गेली, अशांची ही संख्या. आपल्या स्वयंपाकघरांतील टोमॅटो हा शब्द ज्या नाहुआत्ल भाषेंतून आला ती कोआत्लिक्वेच्या भक्तांची भाषा, आज साडेसोळा लाख लोक बोलतात. मेक्सिको हें अनेक संस्कृतींचें राष्ट्र आहे असें राज्यघटनेनें प्रथम म्हटलें तें १९९२ मध्यें. १९९४ च्या पहिल्या दिवशीं चियापास प्रांतांत तद्देशीयांनीं शस्त्र उचललें. त्यांच्या भाषांना कायद्याचें संरक्षण मिळावयास २००३ उजाडलें. आफ्रिकन वंशाच्या मेक्सिकनांना तर, देशाचा एक आरंभींचा राष्ट्राध्यक्ष गेर्रेरो त्यांच्यापैकीं असूनहि, घटनेंत जागा मिळण्यास २०१९ सालापर्यंत थांबावें लागलें.

मग राष्ट्रस्वभावाच्या ग्रंथांत वर्णिलेला मेक्सिकन कोण? सामुएल रामोसनें १९३४ मध्यें त्याच्या ठायीं न्यूनगंड पाहिला. ओक्ताव्हिओ पासनें १९५० मध्यें त्याच्या एकाकीपणाचें, मुखवट्यांचें व उत्सवांतील उन्मादाचें अतिशय सुंदर वर्णन केलें. दोघांचीहि प्रतिभा मला मान्य आहे. परंतु त्यांच्यासमोर उभा आहे तो बहुतांशीं शहरांतील मनुष्य, आणि त्यांतहि आपण कोण या प्रश्नानें अस्वस्थ झालेला. पासनें तशी कबुली आरंभींच देऊन ठेविली आहे. ती विसरले ते त्याचे वाचक. आपल्याकडे इंग्रजी अमदानींतल्या गॅझेटियरांनीं एकेका जातीचा स्वभाव दोन ओळींत उरकला, आणि पुढें ती जातहि त्या ओळी खऱ्या मानूं लागली. तसेंच येथें झालें. १९८७ मध्यें रोहेर बार्त्रानें हें वर्म उघडें केलें. हा खिन्न, अपुरा राहिलेला मेक्सिकन ही विद्वानांची निर्मिति असून राज्यकर्त्यांना ती सोयीची आहे, असें त्याचें म्हणणें. तें मला बव्हंशीं पटतें. खिन्न माणसाकडून जमिनीची मागणी होईल अशी भीति कोणास वाटत नाहीं.

पासला पुढें स्वतःलाहि याची जाणीव झालेली दिसते. १९६२ पासून तो दिल्लीस मेक्सिकोचा राजदूत होता. २ ऑक्टोबर १९६८ रोजीं त्लातेलोल्कोच्या चौकांत सरकारी सैन्यानें विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या, तेव्हां त्यानें तें पद सोडलें. दोन वर्षांनीं लिहिलेल्या पुस्तकांत त्याचा रोख एका वस्तुसंग्रहालयावर आहे. हें मानववंशशास्त्राचें राष्ट्रीय संग्रहालय १९६४ च्या सप्टेंबरांत चापुल्तेपेक उद्यानांत उघडलें. त्याच्या मध्यवर्ती दालनांत सूर्यशिला आहे, आणि तेथेंच, अखेर कायमची जमिनीवर आलेली, कोआत्लिक्वेहि आहे. सर्व संस्कृतींच्या माथ्यावर आझ्टेक साम्राज्य बसविणें ही आजच्या सत्तेची आरती आहे, असा पासचा आरोप होता.

त्या संग्रहालयाच्या दारांशीं आणखी एक प्रचंड मूर्ति उभी आहे; वजन सुमारें १६७ टन, पर्जन्यदेव त्लालोकची म्हणून ती ओळखली जाते. ती पूर्वीं कोआत्लिंचान गांवाजवळच्या ओढ्यांत पडलेली होती. १९६४ च्या आरंभीं सरकारी माणसें ती न्यावयास आलीं, तेव्हां गांवकऱ्यांनीं वाट अडविली आणि मूर्ति वाहून नेणाऱ्या गाड्याची नासधूस केली. शेवटीं सैनिक बोलवावे लागले. मोबदल्यांत शाळा, रस्ता व दवाखाना देण्याचें ठरलें, आणि १६ एप्रिल रोजीं मूर्ति राजधानीकडे निघाली. गांवच्या चौकांत आज तिची प्रतिकृति आहे. ती २००७ मध्यें बसविण्यांत आली.