काटेरी कुंपणामागची गोष्ट

माझ्या आजीच्या एका गोष्टीतली राजकन्या पाण्याला निघाली की विहीर मागे सरकायची. ती जितकी पावले पुढे टाकी, तितकी विहीर दूर जाई. लहानपणी मला ही जादू वाटे. पुढे मी घरातला पहिला पदवीधर झालो, महाविद्यालयात इतिहास शिकवू लागलो. पण ती विहीर कोणत्या गावची, हे आजीला विचारायचे राहून गेले. आता आजी नाही. जेन योलेन या अमेरिकन ज्यू लेखिकेची १९९२ सालची 'ब्रायर रोझ' ही कादंबरी वाचताना हे राहून गेलेले विचारणे मला फार लागले. ही कादंबरी म्हणजे 'झोपलेल्या राजकन्ये'च्या परीकथेचे काळेकुट्ट पुनर्कथन आहे. किशोरवयीन वाचकांनी ते आपले मानले.

परीकथा म्हणजे मुलांचे निरागस वाङ्‌मय, असा समज आपल्या शिक्षितांतही आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भावांच्या कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आणि दुसरा १८१५ साली निघाला. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत या कथांवर हात फिरत राहिला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी बाई तिची सख्खी आई होती. १८१९ साली ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडायला लावणारी आई १८४० साली सावत्र झाली. पण तापलेल्या लोखंडी जोड्यात मरेपर्यंत नाचणारी राणी तशीच राहिली. म्हणजे झाकायचे होते ते रक्त नव्हे. झाकायची होती ती मध्यमवर्गीय घराची अब्रू.

याच संग्रहाच्या दुसऱ्या खंडात 'काटेरी झुडपातला ज्यू' ही कथा आहे. तीन वर्षे राबलेल्या गड्याला त्याचा श्रीमंत मालक तीन दिडक्या देऊन वाटेला लावतो. गड्याला एक जादूची सारंगी मिळते. वाटेत भेटलेल्या ज्यूला तो तिच्या सुरांवर काटेरी झुडपात रक्तबंबाळ होईस्तोवर नाचवतो, त्याची थैली घेतो. आणि शेवटी चोर ठरून फासावर जातो तो ज्यूच. मजुरी बुडवणारा मालक कथेतून सुखरूप निसटतो. गड्याचा राग वर जायला हवा होता. तो बाजूच्या बहिष्कृतावर वळवला गेला. ग्रिमांनी १८२५ साली खास मुलांसाठी पन्नास कथांची छोटी आवृत्ती काढली. तीतही ही कथा होती. आईचा दोष मुलांपासून लपवला गेला. ज्यूचा फास लपवावा असे कुणाला वाटले नाही!

योलेनने हेच काटे हाती घेतले. तिच्या कादंबरीतली आजी नातींना राजकन्येची गोष्ट सांगते, पण तिच्या गोष्टीत एक धुके येते आणि राजकन्येखेरीज कुणीच जागे होत नाही. मरताना आजी म्हणते, ती राजकन्या मीच. धाकटी नात बेका शोध घेत पोलंडमधल्या खेल्मनोला पोहोचते. तेव्हा उलगडते की गोष्टीतला वाडा खरा होता. काटे म्हणजे तारेचे कुंपण. धुके म्हणजे बंद मोटारीत सोडलेला विषारी धूर. राजपुत्राचे चुंबन म्हणजे प्रेतांच्या खड्ड्यातून काढलेल्या मुलीच्या तोंडात कुणी फुंकलेला श्वास. खेल्मनोत डिसेंबर १९४१ पासून नाझींनी दीड लाखांहून अधिक माणसे मारली. त्यांत बहुतेक ज्यू होते. कादंबरीच्या शेवटी लेखिका स्वतःच सांगते की तिथून जिवंत सुटलेली एकही स्त्री तिला ठाऊक नाही. सुखान्त कथेचा आहे, इतिहासाचा नाही, हे ती तरुण वाचकापासून लपवत नाही.

माझ्या मते अशा पुनर्कथनाचे मोल काळोखात नाही. काळोख ग्रिमांकडेही होता. नुसते रक्त वाढवून जुनी कथा नव्याने विकणारी पुस्तके आज पुष्कळ निघतात. त्यांतून काही उजेडात येत नाही. 'एकदा एका गावात' असे म्हटले की गाव पुसले जाते, साल पुसले जाते, आणि गुन्हेगारही पुसला जातो. योलेन गावाचे नाव घेते, साल सांगते. हीच खरी बंडखोरी होय. आपल्याला ही वाट परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त वामन-बळीची कथा अशीच फिरवून वाचली. इतरांनी जिथे अवताराचा पराक्रम पाहिला, तिथे त्यांनी जिंकल्या गेलेल्या माणसांचा इतिहास शोधला.

तेव्हा आजीची विहीर का सरकत होती, हे आता मला कळते. विहीर जागची हलत नव्हती. आजीलाच दूर उभे केले जात होते. तिने तो अपमान नातवाच्या झोपेच्या वेळी सांगता येईल असा करून सांगितला. पण गावाचे नाव तिच्याबरोबर गेले. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता परीक्षेबाहेरचे एक काम देतो. घरी जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, त्यांची गोष्ट पुरी ऐका. मग विचारा, हे कुठे घडले? कोणत्या साली? आणि तेव्हा तिथे उभे कोण होते?