‘नकोशी’ : एका स्त्रीनामाचा अर्थ आणि इतिहास

विशेषनामाचा अर्थ वापराने झिजतो, हा भाषेचा सर्वपरिचित धर्म आहे. चिंचपोकळी या स्थलनामात ‘चिंच’ आणि ‘पोकळी’ ही दोन्ही पदे आजही स्पष्ट दिसतात. तथापि त्या स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशास चिंचांनी भरलेल्या सखल जागेचे स्मरण होत नाही. व्यक्तिनामांचीही बहुधा हीच गत होते. ‘गोदावरी’ अशी हाक मारणाऱ्याच्या मनात नदी नसते, मुलगी असते. या नियमास अपवाद ठरणाऱ्या ‘नकोशी’ अथवा ‘नकुसा’ या विरळ स्त्रीनामाचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

हे नाव प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा जिल्ह्यात आढळते. चिंचपोकळी, लालबाग, परळ या गिरणगावास हा जिल्हा परका नाही. रत्नागिरीच्या खालोखाल घाटावरच्या ज्या जिल्ह्यांनी मुंबईच्या गिरण्यांना कामगार पुरविले, त्यांत साताऱ्याचे स्थान मोठे होते. पुरुष चाळीत आणि कुटुंब गावी, अशी अनेक घरांची विभागणी असे. त्यामुळे शहर आणि गाव यांचे नामसंस्कार पूर्णतः वेगळे मानता येत नाहीत.

नावाची घडण सरळ आहे. ‘नको’ या निषेधवाचक पदास ‘सा’ हा सादृश्यवाचक प्रत्यय लागून ‘नकोसा’ हे विशेषण सिद्ध होते. ‘हवासा’ हे त्याचे विरुद्धार्थी रूप. स्त्रीलिंगी ‘ई’पूर्वी ‘स’चा ‘श’ होतो : असा–अशी, कसा–कशी, तसेच नकोसा–नकोशी. ‘नकुसा’ या रूपात ‘ओ’चा ‘उ’ झाला आहे. विशेषण म्हणून पाहिल्यास हे रूप पुल्लिंगी. परंतु सीता, रमा, शांता या आकारान्त नामांच्या पंक्तीत बसून ते स्त्रीनाम झाले असावे.

‘नको’ हे पद मराठीच्या इतके अंगवळणी पडलेले आहे, की दख्खनी बोलीनेही ते ‘नक्को’ या रूपात उचलले. त्याच्या वाक्यरचनेत एक मर्म आहे. ‘मला चहा नको’ या वाक्यात नकार कोणाचा, हे चतुर्थीचे ‘मला’ सांगते. ‘नकोशी’ या नावात मात्र ते पद गळाले आहे. नकोशी कोणाला? आईला, बापाला, आजीला, की कुळाला? नाव उत्तर देत नाही. नाकारणारा अदृश्य होतो, आणि नकार हा जणू त्या मुलीचाच गुण ठरतो.

दगडू, धोंडू, केरू, भिकू यांसारख्या नावांशी हिची तुलना करण्याचा मोह होतो. पण ती फसवी आहे. आधीची मुले दगावली असता, या मुलावर मृत्यूची वा दृष्टीची नजर पडू नये म्हणून ती हीन नावे ठेवीत. तेथे शब्द तुच्छतेचा, हेतू मात्र जपणुकीचा. ‘नकोशी’त रक्षणाचा हेतू नाही, मुलीचे असे नाव ठेवले असता पुढील अपत्य मुलगा होईल, ही समजूत आहे. अर्थात हे नाव मुलीस उद्देशून नसून तिच्यानंतर येणाऱ्या भावास उद्देशून आहे. हरियाणातील ‘भतेरी’ म्हणजे ‘पुरे’, तमिळमधील ‘वेण्डाम’ म्हणजे नेमके ‘नको’, आणि ‘धाकट्या भावाला बोलाव’ अशा अर्थाचे चिनी ‘चाओ-ती’ ही याच वर्गातील नावे होत. मराठीत तर बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा; म्हणजे त्याच घरात जन्मलेल्या दुसऱ्या एका मुलीचा.

अलीकडच्या इतिहासाने या नावास वेगळे गांभीर्य दिले. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात २००१ मध्ये ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. जिथे नकार जन्मापूर्वीच अमलात येऊ लागला, तिथे ‘नकोशी’ हे निदान जन्मास आलेल्या मुलीचे नाव होते, हे कटू सत्य नोंदविणे भाग आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींचा सामुदायिक नामांतर समारंभ झाला. शासकीय पुढाकाराने झालेल्या या समारंभात कित्येकींनी आपले नाव स्वतः निवडले. कोणी ऐश्वर्यासारखे चित्रपटतारकेचे नाव घेतले, कोणी वैशाली झाली. यास कोणी वरवरचा उपाय म्हणेल. भाषेच्या अभ्यासकास तसे म्हणता येणार नाही. चिंचेची झाडे गेली तरी ‘चिंचपोकळी’ने कोणास इजा होत नाही, कारण तेथील अर्थ निद्रिस्त आहे. ‘नको’ हे पद मात्र घरोघरी दिवसातून शेकडो वेळा उच्चारले जाते. म्हणून त्यातून घडलेल्या नावाचा अर्थ झिजण्यास अवकाशच मिळत नाही. शाळेच्या हजेरीत ते रोज नव्याने ऐकू येते. जे नाव विसरता येत नाही, ते बदलावेच लागते.