कोष्टी, साळी, शिंपी, पिंजारी : कापडाच्या धंद्यातली नावं अन् जुन्या कागदातलं त्यांचं मोल

ईट (ता. भूम) : पोरांचा जातीचा दाखला काढायला गेलं की आजोबा-पणजोबांच्या कागदावर कधी कधी वेगळंच नाव निघतं अन् घरचे गोंधळून जातात. कापडाच्या धंद्यातल्या नावांचा अर्थ माहीत असावा तो यासाठी.

विणकर : मागावर कापड विणणारा कोणीही. हे कामाचं नाव आहे.

कोष्टी, साळी, पद्मशाली : हे तिघंही विणणारे, पण समाज वेगळे. देवांग कोष्टी चौंडेश्वरीला मानतात, स्वकुळ साळी जिव्हेश्वराला, तर पद्मशाली मार्कंडेयाला. सोलापुरात पद्मशाली समाज मोठा असून तो मूळचा तेलंगणाकडचा.

सनगर : लोकरीची घोंगडी विणणारे. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात.

शिंपी : कापड शिवणारे. संत नामदेव याच समाजातले. उर्दूत शिंप्याला 'दर्जी' म्हणतात.

पिंजारी : धनुकलीनं कापूस पिंजून गाद्या भरणारे. यांनाच 'नदाफ' किंवा 'मन्सुरी' म्हणतात.

मोमीन : मुस्लिम विणकर. हिंदी-उर्दूत 'जुलाहा'.

रंगारी, निराळी : दोघंही रंगवणारे. निराळी नीळ वापरून सूत-कापड रंगवायचे, त्यावरनंच ते नाव.

पटवेकरी : रेशमाच्या-सुताच्या दोऱ्यात दागिने गाठून देणारे, गोंडे-करगोटे करणारे.

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळं बरेच जुने कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. 'शिंपी' शोधताना 'दर्जी' अन् 'पिंजारी' शोधताना 'नदाफ' हा शब्दही बघा. नाहीतर कामाचा कागद हातात असून सुटून जातो.

कोष्टी अन् साळी विशेष मागास प्रवर्गात, तर शिंपी इतर मागास वर्गात येतात. या दोन्ही प्रवर्गांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-वडील-चुलत्यांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा जन्म-मृत्यू नोंद आधी शोधावी. शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'विणकर' लिहिलं असेल तर तेवढ्यावर भागत नाही, कारण तो धंदा झाला. जातीचं नाव असलेला दुसरा कागद जोडावा लागतो.

आडनावावर तर जाऊच नका. रंगारी आडनावाची माणसं वेगवेगळ्या समाजात आहेत.

नावात एक शब्द जास्त आला तरी किती फरक पडतो ते 'हलबा कोष्टी' प्रकरणात दिसलं. हलबा ही अनुसूचित जमात आहे, पण 'हलबा कोष्टी' त्यात मोडत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2000 रोजी दिला.

तेव्हा घरातले जुने कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी बाहेर काढा अन् मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. उर्दू-मोडी वाचणारी म्हातारी माणसं आहेत तोवर ते वाचूनही घ्या.